दोन राजे, एक गोणपाट

दुसरं महायुद्ध होऊ नये म्हणून जगात मनापासून खटपट केली ती एकाच माणसानं, आणि तो माणूस खांडबाऱ्याच्या बाजारात मीठ, गूळ आणि फुटाणे विकत होता. हे वाचून कोणाला हसू आलं तर खुशाल हसावं. मीही पहिले सहा महिने हसतच होतो. प्रधानांनी आणि वकिलातींनी काय काय केलं ते इतिहासात यायचं तेव्हा येईल. पण लढाई अजून साता समुद्रांपलीकडे होती, आमच्या तालुक्याला तिचा वाससुद्धा लागला नव्हता, तेव्हापासून तिच्यापायी ज्याला जेवण गोड लागेना असा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमचे घरमालक, शेठजी.

मी तेव्हा नंदुरबारकडच्या या खांडबाऱ्याच्या शाळेत मास्तर होतो. मूळचा वाईकडचा, बदलीच्या वाऱ्यानं इकडे येऊन पडलेला. स्टेशनावरून बाजाराकडे येताना डाव्या हाताला शेठजींचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्या त्यांनी मला राहायला दिल्या होत्या. त्यांचे आजोबा मारवाडातून या मुलखात आले होते. शेठजी घरात मारवाडी बोलत, बाजारात अहिराणी, सामायिकाला, म्हणजे रोजच्या जैन ध्यानाला, बसले की अर्धमागधी, आणि स्टेशनमास्तरांशी एक चौथीच भाषा, जिला ते इंग्रजी समजत. अंगानं बुटके, पगडी डोक्यापेक्षा एक आकडा मोठी आणि आवाज असा मऊ की गिऱ्हाईक भांडायला आलं तरी आधी पुढे वाकून कान द्यावा लागे. सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, पाणी प्यायचं ते उकळलेलं, कांदा-बटाटा घराच्या आसपास फिरकू द्यायचा नाही, हे सगळं जैन घराला साजेसंच होतं. पण शेठजींची अहिंसा एवढ्यावर भागत नसे. त्यांच्या घरात भाजी 'कापत' नसत, 'सुधारत'. आमच्या बिऱ्हाडातून पहिल्याच आठवड्यात "अहो, विळी द्या, भोपळा कापायचाय" अशी हाक गेली, तेव्हा शेठाणी कपाळाला हात लावून धावत आल्या होत्या. पुढे आम्हालाही ती सवय लागली, इतकी की एकदा वर्गात मी पोरांना "पेन्सिली सुधारून आणा" म्हणून सांगितलं आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं.

शेठजींना भांडण दिसलं की चैन पडत नसे. कोणाचंही असो. दुकानाच्या ओट्यावर एक जुनं गोणपाट कायमचं अंथरलेलं असे आणि ते गिऱ्हाइकांसाठी नव्हतं. बाजारात दोघांची जुंपली की शेठजी तागडी टाकून उतरत, दोघांची मनगटं धरत आणि दोघांना आणून त्या एकाच गोणपाटावर शेजारी शेजारी बसवत. मग दोघांच्या हातावर गूळ-फुटाणे. नियम एकच होता. हातावरचं सगळं चावून संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. फुटाणे मात्र शेठजी मूठभर चांगले दणदणीत देत आणि त्यात मुद्दाम न फुटलेले, टणक असे दहावीस असत. दोघेही कसले कसले भडकलेले. पण गाल फुगवून, एकमेकांकडे न बघता, कडाकडा चावत बसलेले. ते संपलं की शेठजी एका पितळी लोट्यातून दोघांना पाणी देत आणि विचारत, "हां, आते बोला. काय व्हयनं व्हतं?" तोवर निम्म्या वेळा त्यांना काय झालं होतं तेच आठवत नसे. मी एकदा त्यांना या विद्येचं रहस्य विचारलं. "मास्तर," ते म्हणाले, "तोंड भरेल ऱ्हायनं का शिवी निंघस नही. निम्मा झगडा दातच खाई जातस."

या गोणपाटावर कोण बसलं नाही? मीठ घ्यायला डोंगरातून आलेले कोकणी आणि मावची आदिवासी बसले, रेल्वेचे हमाल बसले, एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन न्हावी बसले. आमटीत मीठ जास्त झाल्यावरून आमच्या घरात एकदा शब्दाला शब्द वाढला, तर भिंतीपलीकडून बोलावणं आलं आणि मी, सरकारमान्य शिक्षक, कुटुंबासह भर ओट्यावर फुटाणे चावत बसलो. मुलं शाळेतून त्याच वाटेनं घरी जात होती. एकदा तर बाजारात दोन पोळ, मोकाट वळू, भिडले, तेव्हाही शेठजी दोन्ही हातांत गूळ घेऊन मधे गेले. पोळांनी गूळ खाल्ला, भांडण विसरले आणि दोघे मिळून शेठजींच्या मागे लागले. शेठजी स्टेशनाच्या तारेच्या कुंपणावर चढून बसले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "एक व्हयनात ना?" एवढंच म्हणाले.

त्यांचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम पर्युषणातलं. या आठ दिवसांच्या व्रताच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, जैन माणूस वर्षभरात कळत-नकळत ज्याचं मन दुखावलं असेल त्याची माफी मागतो. 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. या माफी मागण्याला ते खमतखामणा म्हणत. इतर लोक घरच्यांची, नात्यातल्यांची मागतात आणि लांबच्यांना कार्डं धाडतात. शेठजी सकाळपासून पायी निघत आणि अख्ख्या गावाची मागत. शिंप्याची, पोस्टमनची, ज्यांना ते कधी भेटलेच नव्हते अशा गाडीतल्या उतारूंची खिडकीखिडकीतून. त्या दोन पोळांचीही मागून आले होते, जरा लांबून. माझ्यासमोर ते हात जोडून उभे राहिले की मी अवघडून "अहो शेठजी, कशाला" म्हणायचो. ते म्हणायचे, "कशाले काय? कोन कव्हय गाडीमा बठी जाई, काय भरोसा?"

सुरतेहून गुजराथी वर्तमानपत्र गाडीनं यायचं. शेठजी ते घ्यायला स्वतः फलाटावर जात. ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी पावसाळ्यापासून त्या पत्रात युरोपचं काहीतरी शिजत असल्याच्या बातम्या यायला लागल्या. एका लहान देशाचा तुकडा जर्मनीला हवा होता, विलायत नको म्हणत होती, आणि दोन्हीकडे विमानं मोजणं चाललं होतं. आमच्या पेठेतले बाकीचे व्यापारी भाव चढणार म्हणून मनातल्या मनात खूश होते. शेठजी मात्र खंगायला लागले. 'विलायतवाला' आणि 'जर्मनीवाला' हे दोघे जणू नंदुरबारचे दोन अडते आहेत अशा काळजीनं ते त्यांच्याबद्दल बोलत. मी शाळेतून आलो की ओट्यावर अडवून रोज एकच प्रश्न विचारत, "मास्तर, त्या दोन्हीसले एक जागे कोनी बठाडं का नही?" मी इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस. मी त्यांना तह सांगितले, सरहद्दी सांगितल्या, खडूनं ओट्यावर नकाशा काढून दाखवला. ते सगळं शांतपणे ऐकत आणि शेवटी म्हणत, "ते समदं खरं. पन बठाडं का?"

मग त्यांनी लोकांचं मत घ्यायचं ठरवलं. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर दोन टोपल्या ठेवल्या. लढाई नको, बसून बोला, असं म्हणणाऱ्यानं एका टोपलीत चवळीचा दाणा टाकायचा. लढाई पाहिजे म्हणणाऱ्यानं दुसरीत. चवळी शेठजींचीच. दिवसभर माणसं येत होती, डोक्यावरची मोळी उतरवून दाणा टाकत होती आणि कुठली लढाई म्हणून विचारून पुढे जात होती. तिसऱ्या प्रहरी पहिली टोपली भरून वाहू लागली. दुसरीत एकच दाणा होता. शेठजींना तो एक दाणा सहन होईना. त्यांनी बाजारभर शोध घेऊन तो टाकणाऱ्या माणसाला हुडकून आणलं. डोंगरातला उंच, काळासावळा गडी होता.

"तुले कोनासंगे लढाई करनी शे?" शेठजींनी विचारलं.

"मेव्हनासंगे," तो म्हणाला.

मेव्हणा बाजारातच सापडला. दोघांना गोणपाटावर बसवलं, फुटाणे झाले, पाणी झालं, आणि जाताना त्या गड्यानं आपल्या हातानं तो दाणा उचलून पहिल्या टोपलीत टाकला. त्या दिवशी शेठजींनी दुकान लवकर बंद केलं आणि मला म्हणाले, "आते पत्र लिव्हानं, मास्तर. बजारनं मत त्यासले कळाले पाहिजे."

ते पत्र मी लिहिलं. शेठजी अहिराणीत सांगत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होतो. संवत्सरी नुकतीच होऊन गेली होती, म्हणून सुरुवातीलाच त्यांनी खांडबाऱ्याच्या पेठेतर्फे दोघांकडे खमतखामणा केला: आमच्याकडून आपलं मन दुखावलं असल्यास क्षमा असावी. मग टोपल्यांची हकिगत. मग खरा मजकूर असा: लढाई करण्यापूर्वी आपण दोघांनी एका बिछायतीवर बसावं, तोंडात काही गोड घ्यावं आणि ते चावून होईपर्यंत कोणीही बोलू नये. जागेची अडचण असल्यास आमचा ओटा आहे. स्टेशन जवळ आहे. मेल थांबत नाही, पॅसेंजर थांबते. एक पत्र विलायतेला, एक जर्मनीला, मजकूर अक्षरानं अक्षर सारखा. पाकिटावर मी त्या पुढाऱ्यांची नावं घालायला लागलो तेव्हा शेठजींनी माझा हात धरला. "नाव नका लिव्हू. गादीले लिव्हा. मानूस आज शे, सकाय नही, गादी ऱ्हास." आणि दुसरी ताकीद दिली, "दोन्ही पत्रं एकच डाकमा जावाले पाहिजे. एकले पयले सांगं का दुसरा रुसस."

मला हसू दाबवत नव्हतं. ते शेठजींच्या लक्षात आलं असावं. त्यांनी उठून तो पितळी लोटा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. इतकी वर्षं त्यातून पाणी प्यायलो होतो, पण नीट बघितला नव्हता. मागच्या मोठ्या लढाईत त्यांचा धाकटा भाऊ एका ठेकेदाराकडे कोठारावर कारकून म्हणून बसऱ्याला गेला होता. जाताना त्यानं वडिलांच्या हातचा हा लोटा घेतला, त्यावरून इथल्याच फलाटावर दोघा भावांचं वाजलं. गाडी हलता हलता शेठजी ओरडून म्हणाले होते, लोटा हरवलास तर घरात पाऊल टाकू नको. तिकडे भावाला ताप आला. काही महिन्यांनी सरकारी पार्सल आलं.

"लोटा उना," शेठजी म्हणाले. "भाऊ नही उना." मग लोट्याच्या काठावरून बोट फिरवत म्हणाले, "त्यानी माफी मी कोठे जाईसन मांगू? लढाई हाई करस, मास्तर. बाकी मरानं ते घरमा बी शे."

मी मान खाली घालून पाकिटं चिकटवली.

विलायतेचं टपाल मोठ्या पोस्टातून जावं, खांडबाऱ्याची पेटी त्या मानानं फार लहान, असं शेठजींचं मत पडलं. म्हणून शनिवारी शाळेच्या कामानं नंदुरबारला गेलो तेव्हा पत्रं माझ्याकडे दिली. तिकिटं त्यांनी स्वतः लावली होती, तिकिटावरच्या राजाचं तोंड सरळ येईल अशी. मी पोस्टासमोर उभा राहिलो. आणि तिथं मला माझंच अक्षर दिसलं. ते वळणदार अक्षर तालुक्यातला प्रत्येक अधिकारी ओळखत होता. सरकारी शाळेचा मास्तर जर्मनीच्या गादीला पत्र घालतो म्हटल्यावर काय होईल, नोकरी राहील का, दोन मुलींना घेऊन वाईला कोणत्या तोंडानं परत जायचं, असलं सगळं एकदम डोक्यात आलं. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षाही लाज जास्त वाटली. तिकडे कोणी गोरा कारकून हे फोडेल, फुटाण्यांचं वाचेल आणि चार मित्रांना बोलावून मोठ्यानं वाचून दाखवेल. मी पत्रं कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि गाडीत बसलो. खांडबाऱ्याला शेठजी फलाटावर वाट बघत होते.

"टाकं?"

"टाकलं," मी म्हणालो.

घरी येऊन मी पाकिटं ट्रंकेत तळाशी ठेवली. म्हटलं, काय बिघडतं? चार दिवसांत विसरतील. पण चार आठवडे होतात न होतात तोच गाडीनं वर्तमानपत्र आलं आणि शेठजी फलाटावरून पगडी हातात घेऊन पळत सुटले. त्यांना पळताना मी पोळांनंतर पहिल्यांदाच बघत होतो. "बठनात, मास्तर! दोन्ही बठनात! एकच खोलीमा बठनात!" बातमी खरी होती. सगळे मोठे पुढारी जर्मनीतल्या एका शहरात एकत्र बसले होते, बोलले होते आणि लढाई टळली होती. शेठजींनी नंदुरबारहून पेढे मागवले. शाळा, स्टेशन, चौकी, सगळीकडे वाटले. ज्याच्या त्याच्या हातावर पेढा ठेवून ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, की मी फक्त सांगितलं, लिहिलं ते मास्तरांनी. लोक माझ्याकडे आदरानं पाहत होते. तो पेढा मी कसा गिळला ते माझं मला माहीत.

दोन दिवसांनी मात्र ते वर्तमानपत्र घेऊन माझ्या दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला. त्यांनी बातमी पुन्हा सावकाश, बोट ठेवून वाचली होती. ज्या लहान देशाचा तुकडा तोडून द्यायचं ठरलं, त्या देशाच्या माणसांना त्या खोलीत घेतलंच नव्हतं. ती बाहेर बसून होती.

"ज्यानं वावर शे, तोच बाहेर उभा?" शेठजी म्हणाले. "हाऊ न्याय नही व्हयना, मास्तर. हाई मिटेल नही. हाई दाबेल शे." मी इतिहास शिकवत होतो, पण हे मला सुचलं नव्हतं. त्यांना लगेच दुसरं पत्र घालायचं होतं: तिसऱ्यालाही गोणपाटावर घ्या. मी म्हणालो, सहामाही परीक्षा आहे. मग म्हणालो, दिवाळी होऊ द्या. मग मुलीला गोवर निघाला, मग तपासणी आली. ते रोज विचारत आणि रोज माझ्या अडचणी मान्य करत. कोणाची अडचण खोटी असेल अशी शंकाच त्यांना यायची नाही.

उन्हाळ्यात मामलेदारांचा मुक्काम पडला. चावडीत पेठेतले लोक बोलावले होते. दिवस बरे नाहीत, लढाई झालीच तर आपल्या तालुक्यानं माणसांत आणि पैशांत मागे राहता कामा नये, असं बोलून मामलेदार पानाच्या तबकाकडे वळले, तेवढ्यात शेठजी उभे राहिले. हात जोडलेले, आवाज नेहमीसारखाच मऊ.

"रावसाहेब, एक इचारू का? झगडा मिटाडाले पयले कोनी गयं व्हतं का? का एकदम लाठ्याच काढ्यात?"

"शेठ, तो आपला प्रश्न नाही," मामलेदार म्हणाले.

"मानसं आम्हना मांगी ऱ्हायनात ना? मंग प्रश्न बी आम्हना शे." मग त्यांनी टोपल्यांची गोष्ट सांगितली, आणि खांडबाऱ्याच्या बाजाराला लढाई मान्य नाही, हे वर कळवावं अशी विनंती केली. ज्यांनी चवळी टाकली होती त्यातले पाचसहा जण तिथंच होते. ते आपापल्या पायांचे अंगठे बघत होते. मीही माझे बघत होतो. "अन् मी बी काही निस्तं बोली नही ऱ्हायनू," शेठजी म्हणाले, "मी पत्र बी धाडेल शे," आणि माझ्याकडे वळून पाहणार तोच मला खोकल्याची उबळ आली. ती खोटी होती. शेठजी तिथंच थांबले, त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मामलेदार हसले आणि पान लावायला लागले.

पावसाळा संपता संपता लढाई सुरू झाली. त्या वर्षी अधिक महिना आल्यानं पर्युषण लांबलं होतं. बातमी आधी आली, पर्युषण मागून. शेठजींनी त्या वर्षी आठही दिवस पूर्ण उपास केला, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर. गोणपाट गुंडाळून आत ठेवलं. संवत्सरीच्या दिवशी ते भिंतीचा आधार घेत घेत माझ्या दारात आले. मी पुढे होऊन धरायला गेलो तर त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"मिच्छामि दुक्कडम्, मास्तर. मन्ही चुकी व्हयनी. पत्रमा मी 'दोन्ही बठा' इतलंच सांगं. 'तिसराले बी बलावा' हाई सांगालेच इसरी गऊ. त्यासनी मन्हं आयकं, जसं लिव्हं तसंच करं, दोन्हीच बठनात. अर्धी सल्ला वैरीना बराबर. अन् तुम्हना हातथीन लिव्हाडं. तुम्हले बी पापमा वढं. माफ करा."

एक वाक्य पुरलं असतं. पत्र गेलंच नाही, शेठजी. ते माझ्या ट्रंकेत आहे. युरोपातली लढाई तुमच्यामुळे झालेली नाही. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. समोर तो आठ दिवसांचा उपाशी माणूस उभा होता, बसऱ्यात गेलेल्या भावाच्या ओझ्यावर आता अख्ख्या जगाचं ओझं घेऊन, आणि ते ओझं उतरवणं फक्त माझ्या हातात होतं. मी म्हणालो, "मिच्छामि दुक्कडम्, शेठजी." शिष्टाचार म्हणून म्हणतात तसं. ते बरं वाटून परत गेले.

पुढच्या वर्षी माझी शहाद्याला बदली झाली. निघताना शेठजी फलाटावर आले होते, डब्यात गूळ-फुटाणे घेऊन. गाडी हलली तेव्हाही मी बोललो नाही. शहाद्याहून सांगू, पत्रानं कळवू, सुट्टीत जाऊ, असं करता करता लढाईची सगळी वर्षं गेली. चूक कबूल करायला फलाटावरची दोन मिनिटं पुरतात, पण ती टळली की वर्षंही पुरत नाहीत, हे मला शेठजींनी सांगून ठेवलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी मी ती दोन्ही पाकिटं घेऊन खांडबाऱ्याला गेलो. दुकान उघडं होतं, ओट्यावर शेठाणी बसल्या होत्या. शेठजींना जाऊन तीन महिने झाले होते. मला कोणी कळवलं नव्हतं. कळवायला मी पत्ता तरी कुठं दिला होता? मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, तसं शेठाणींनी आतून गोणपाट आणून अंथरलं आणि माझ्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले. "चावा पयले, मास्तर. मंग बोला." मी चावत बसलो. टणक दाणे अजूनही तसेच होते. संपले तेव्हा त्यांनी लोट्यातून पाणी दिलं, आणि मग मी सगळं सांगितलं.

शेठाणींनी पाकिटं उलटीपालटी करून बघितली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "शेवटलोंग म्हनेत," त्या म्हणाल्या, "मन्ही चुकी व्हयनी." मग विचारलं, "म्हंजे त्या राजासले हाई पत्र भेटनंच नही?"

"नाही."

"भेटी जातं, ते काय व्हतं, मास्तर?"

मला उत्तर माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी नंदुरबारच्या पोस्टासमोर तेच उत्तर तर मी स्वतःला दिलं होतं: काही झालं नसतं, कोणी कारकून हसला असता. पण त्या ओट्यावर, हातात तो लोटा धरून, मला ते म्हणता येईना. कोणी सांगावं? मी टाकून तर बघितलं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

"मंग आते टाकी द्या," शेठाणी म्हणाल्या. "त्यासनं सांगेल काम शे."

परतताना नंदुरबारला उतरलो. फलाटावर वर्तमानपत्र घेतलं. त्यात जिंकलेलेच देश आता एकमेकांकडे वाकड्या नजरेनं बघू लागल्याचं होतं, आणि मधल्या लहान देशांचं काय करायचं ते परस्पर ठरवणं चाललं होतं. पोस्टासमोर उभा राहून मी दोन्ही पाकिटं उघडली आणि मजकुराखाली एक ओळ वाढवली: तिसऱ्यालाही बोलवा, त्याला बाहेर उभं करू नका. पाकिटं पुन्हा चिकटवली. एकावरची गादीच आता जगात उरली नव्हती, तरी दोन्ही टाकली, एकाच डाकेत, शेठजींच्या नियमाप्रमाणे. अक्षर माझंच होतं आणि ते कोणीही ओळखावं असं मला त्या दिवशी वाटलं.

स्टेशनाकडे नजर गेली तर खांडबाऱ्याची पॅसेंजर फलाटाला लागलेली होती. मला शहाद्याची मोटार धरायची होती, ती सुटायची वेळही झाली होती. पण पाय उगाच तिकडे ओढत होते. वाटत होतं, हिच्यात बसावं, खांडबाऱ्याला उतरावं, आणि गर्दीतून ती डोक्यापेक्षा मोठी पगडी पुढे यावी आणि त्या मऊ आवाजात एकदाच विचारावं, "टाकं?"